१७२९६ : एका संख्येचा इतिहास

गणितावरील अनेक पुस्तकांत १७२९६ व १८४१६ या संख्यांना ‘फर्मा यांची जोडी’ म्हटलेले आढळते. फ्रेंच गणिती पिअर द फर्मा यांनी ती १६३६ मध्ये जाहीर केली हे खरेच आहे. परंतु त्यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे ही जोडी अरबी ग्रंथांत लिहिली गेली होती, हे आपल्या मुलामुलींना क्वचितच सांगितले जाते.

प्रथम जोडी म्हणजे काय ते पाहू. २८४ या संख्येला तिच्याहून लहान अशा १, २, ४, ७१ व १४२ या संख्यांनी निःशेष भाग जातो. त्यांची बेरीज २२० येते. उलट २२० च्या अशाच विभाजकांची बेरीज करावी तर ती २८४ भरते! अशा संख्यांना मित्रसंख्या म्हणतात. ही एक जोडी प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती. पुढची कशी शोधावी, याचा नियम मात्र नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा यांनी सिद्धतेसह दिला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साबित यांना आपल्याकडे सरसकट मुस्लिम शास्त्रज्ञांच्या यादीत बसविले जाते. ते हर्रानचे साबी पंथीय होते व त्यांची मातृभाषा सुरयानी होती. अशा माणसाला बगदादने काम करू दिले आणि त्याने अरबीत ग्रंथ लिहिले, ही त्या शहराची थोरवी लहान नाही. त्यासाठी त्यांचा धर्म बदलण्याची गरज नाही.

आता विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. १६ ही संख्या घ्या. तिची निमपट ८. आठाच्या तिपटीतून १ वजा केल्यास २३, सोळाच्या तिपटीतून १ वजा केल्यास ४७. नंतर ९ × १६ × ८ मधून १ वजा करा : ११५१. या तिन्ही मूळ संख्या असल्या तरच नियम लागू पडतो. मग १६ × २३ × ४७ = १७२९६ आणि १६ × ११५१ = १८४१६. हीच कृती ४ घेऊन केली की २२० व २८४ मिळतात. ८ घेतल्यास मात्र २८७ आडवा येतो, कारण २८७ म्हणजे ७ × ४१. ११५१ मूळ आहे हे ठरविण्यासाठी ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. हे काम कंटाळवाणे खरे, पण सारी मेख तेथेच आहे.

ते काम इराणचे कमालुद्दीन फारिसी यांनी केले. इंद्रधनुष्याच्या उपपत्तीसाठी प्रसिद्ध असलेले हे गृहस्थ १३२० च्या सुमारास वारले. मित्रसंख्यांवरील त्यांच्या ग्रंथात १७२९६ ची जोडी आहे. त्यांचे समकालीन, मराकेशचे इब्नुल बन्ना, यांच्या लेखनातही ती आहे. विसाव्या शतकात रोशदी राशिद यांनी फारिसींचा हा ग्रंथ अभ्यासकांपुढे आणला. फर्मा यांनी चोरी केली असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांनी तोच नियम स्वतंत्रपणे शोधला.

१६३८ मध्ये देकार्त यांनी दिलेली ९३६३५८४ व ९४३७०५६ ही जोडीही याच नियमातून, १२८ घेऊन, निघते. इराणच्या मुहम्मद बाकिर यज्दी यांनीही ती सतराव्या शतकातच काढली होती. नंतर ऑयलर यांनी डझनावारी नव्या जोड्या दिल्या. तरीही ११८४ व १२१० ही लहानशी जोडी साबितांच्या नियमात बसत नसल्यामुळे सर्वांच्याच नजरेतून सुटली. ती १८६६ मध्ये इटलीतील सोळा वर्षांच्या निकोलो पागानिनी या मुलाने शोधली.