'निवडून येणारा' म्हणजे कोणाच्या मतांनी?

माण-हिंजवडीत आम्ही कार्यकर्ते निवडणुकीच्या बैठकीला बसलो की एक वाक्य हमखास ऐकू येते : "माणूस चारित्र्यवान आहे, पण निवडून येणारा नाही." कोणाच्या मतांनी निवडून येणारा, हे मात्र कुणी विचारत नाही.

हा पेच जुना आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा दिल्या, पण निवडणूक दुहेरी ठेवली. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे. मग त्या चौघांतून एकाला संयुक्त मतदारसंघाने, म्हणजे बहुसंख्य सवर्ण मतांनी, निवडायचे. आपल्या लोकांनी पहिला ठरवलेला स्वाभिमानी माणूस तिथे पडू शकत होता आणि चौथा, सवर्णांना सोयीचा, आमदार होऊ शकत होता. १९४५-४६ च्या निवडणुकीत शेड्युल्ड कास्ट फेडरेशनने हेच भोगले : प्राथमिक फेरीत पुढे, अंतिम फेरीत पराभूत.

१९५२ साली तर खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे चौदा हजार मतांनी हरले. १९५४ ला भंडाऱ्यातही हरले. त्यांच्या चारित्र्यात काय उणे होते? तरी फेडरेशनने त्यांच्या जागी 'चालणारा' माणूस शोधला नाही.

हरण्यातच मोठेपण आहे, असे आम्ही म्हणत नाही. मतांचे गणित बाबासाहेबांनाही कळत होते, म्हणून तर १९५२ ला समाजवादी पक्षाशी युती झाली. पण ती उघड होती आणि उमेदवार आपण ठरवलेला होता.

माणच्या पुढच्या बैठकीत आम्ही एवढेच विचारणार आहोत : या नावाला आपल्या वस्तीतून किती मते, आणि बाहेरची मते कोणत्या अटीवर?