शेरीफाचें समन्स

न्यायाची गोष्ट निघाली म्हणजे आपली दृष्टि न्यायाधीशाच्या आसनाकडे जाते; दारोदार फिरून समन्स बजावणाऱ्या बेलिफाकडे ती सहसा जात नाहीं. परंतु प्रतिवादीस दाव्याची वर्दीच पोंचली नसेल, तर त्या आसनावरून झालेल्या निकालास न्याय म्हणावें तरी कसें?

शेरीफ हा शब्द ‘शायर’ म्हणजे परगणा व ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी या दोहोंपासून झाला आहे. इंग्लंडांत राजाचा वसूल पाहणें व त्याचीं आज्ञापत्रें बजावणें हीं शेरीफाचीं कामें असत. मात्र १६०४ सालीं सेमेनच्या खटल्यांत असें ठरलें कीं, खाजगी माणसाच्या दिवाणी दाव्यासाठीं शेरीफानें राहत्या घराचें बाहेरचें दार फोडूं नये. राजाच्या हुकुमासही उंबरठा असतो, हें तत्त्व त्यांत मान्य झालें.

मुंबईस हा अधिकारी १७२६ च्या सनदेनें, मेयर कोर्टाबरोबर आला. १८२४ सालीं सुप्रीम कोर्ट उघडलें व १८६२ सालीं हायकोर्ट झालें. न्यायालयें बदललीं, पण शेरीफ राहिला. कालांतरानें शहरांतील प्रतिष्ठित गृहस्थास द्यावयाचें तें मानाचें पद झालें, आणि खरें काम त्याच्या कचेरीकडे गेलें. मुफसलांत हेंच काम नाझराच्या हाताखालचे बेलिफ करीत.

१९०८ च्या दिवाणी कायद्यानें बजावणीचा क्रम बांधून दिला. शक्य तेथें समन्स खुद्द प्रतिवादीच्या हातीं द्यावें व त्याची सही घ्यावी. तो घेण्याचें नाकारील, तर नक्कल दारावर चिकटवावी. आणि केव्हां, कशी व कोणासमक्ष चिकटविली, हें मूळ समन्सावर लिहून तें कोर्टास परत करावें. या चार ओळींच्या शेऱ्यावर पुष्कळदां कुटुंबाचें भवितव्य लटकत असतें. शेरा खोटा असला, तर घरधन्यास कांहीं न कळतां एकतर्फी हुकूमनामा होतो व घर जप्तीस लागतें. समन्स रीतसर बजावलें नव्हतें असें सिद्ध झाल्यास तो हुकूमनामा रद्द करण्याची तरतूद कायद्यानें ठेविली, ती याचकरितां.

याच कायद्यांत आपल्या घरांचेंही प्रतिबिंब दिसतें. प्रतिवादी घरीं न सांपडल्यास समन्स कुटुंबांतील प्रौढ पुरुषाकडे द्यावें, असें मूळ कलम होतें. चाकरास दिलेलें चालत नसे, आणि गृहिणीस दिलेलेंही नाहीं! संसाराच्या किल्ल्या जिच्या कमरेला, तिच्या हातीं एक कागद देण्यास कायदा धजत नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीनें ‘पुरुष वा स्त्री’ असे शब्द घातले, आणि गृहिणीस तो अधिकार मिळाला.

२००२ पासून कुरिअर व ई-मेल यांनींही समन्स पाठवितां येतें. साधनें वाढलीं हें चांगलेंच. परंतु कागद धाडणें निराळें आणि माणसास कळविणें निराळें. हा भेद ज्या कचेरीस उमगला, तिच्याच शेऱ्यावर न्यायाधीशानें निश्चिंतपणें विसंबावें, असें आम्हांस वाटतें.