शंभर तास

18 जून 1999, फिलाडेल्फिया
जेसी गेल्सिंगर आज अठरा वर्षांचा झाला. अॅरिझोनातल्या टूसॉनहून तो घरच्यांसोबत इथे आला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जनुकीय उपचाराच्या चाचणीत भाग घ्यायला तो आजपासून सज्ञान आहे.

त्याच्या यकृतात ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज हे विकर पुरेसे बनत नाही. प्रथिने पचताना तयार होणाऱ्या अमोनियाचा युरिया व्हायला हवा, तो नीट होत नाही. साधारण 40,000 जन्मांत एकाला होणारा हा आनुवंशिक आजार. तीव्र स्वरूपात तो असला, तर बाळ काही दिवसांतच कोमात जाते. जेसीचा आजार सौम्य आहे. मोजून प्रथिने आणि रोजच्या ढीगभर गोळ्यांवर भागते.

चाचणी सौम्य रुग्णांवर करायची हे मुद्दाम ठरले होते. मरणाच्या दारातल्या बाळाचे आईबाप मोकळ्या मनाने संमती देऊ शकत नाहीत, असे विद्यापीठाचे नीतिशास्त्रज्ञ आर्थर कॅप्लन यांचे मत पडले. युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्यामुळेच बरा चाललेला मुलगा या खाटेवर आला. आपल्याला यातून काही मिळणार नाही, पुढच्या बाळांना मिळेल, हे जेसीला ठाऊक आहे.

संमतीपत्राच्या एका आधीच्या मसुद्यात माकडांचा उल्लेख होता. पहिल्या पिढीतल्या अधिक तीव्र विषाणूचा मोठा डोस दिल्यावर काही माकडे यकृताच्या दाहाने आणि रक्त गोठण्याच्या बिघाडाने मेली होती. सहभागींना दिलेल्या प्रतीत ते वाक्य नाही.

रविवार, 12 सप्टेंबर
जेसी तीन दिवसांपूर्वी एकटाच आला आहे. त्याच्या रक्तातला अमोनिया 91 मायक्रोमोल भरतो. नियमानुसार मर्यादा 50 ची. जूनमध्ये आकडा बसला होता, म्हणून त्याला पात्र धरले जाते. अमोनिया उतरवायला शिरेतून औषध सुरू होते.

आधीच्या काही सहभागींच्या यकृताला या उपचाराने त्रास झाला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला ते वेळीच कळवलेले नाही.

सोमवार, 13 सप्टेंबर, सकाळी 10:30. उरले 100 तास
जांघेतून घातलेली नळी यकृताच्या धमनीपर्यंत पोचली आहे. सर्जन स्टीव्हन रेपर 30 मिलिलिटर द्रव सावकाश सोडू लागतात. त्यात दुबळे केलेले अॅडिनोव्हायरस आहेत, म्हणजे साध्या सर्दीच्या विषाणूंचे भाऊबंद. प्रत्येकाच्या पोटात निरोगी जनुक. एकूण 38 लाख कोटी कण. जेसी सर्वांत मोठ्या डोसच्या शेवटच्या गटात आहे.

दुपारी 12:30. उरले 98 तास
काम आटोपते.

रात्र
जेसीला मळमळते. ताप 104.5 वर जातो. रेपर यांना फारसे नवल वाटत नाही. आधीच्या सहभागींनाही ताप आला होता. वडील पॉल टूसॉनहून फोन करतात. दोघांचे हे शेवटचे बोलणे.

अपेक्षित त्रासात धोका लपतो. ताप येणारच हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून या तापाला कोणी वेगळे विचारले नाही.

मंगळवार, 14 सप्टेंबर, सकाळी 6:15. उरले 80 तास 15 मिनिटे
परिचारिका रेपर यांना बोलावतात. जेसी गोंधळल्यासारखा वागतो आहे आणि डोळ्यांचे पांढरे पिवळे पडले आहे. बिलिरुबिन नेहमीच्या चौपट. कावीळ आधीच्या कुणालाच झाली नव्हती. एक तर यकृत निकामी होते आहे, किंवा रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत आहेत. पेशी फुटल्या की त्यांतली प्रथिने यकृतावरच येऊन पडतात, आणि या यकृताला तेच झेपत नाही.

दुपार ते रात्र
अमोनिया चढत 393 वर जातो. निरोगी माणसात तो 35 च्या आसपास असतो. जेसी कोमात जातो. डायलिसिस सुरू होते. पॉल रात्रीच्या विमानात बसतात.

बुधवार, सकाळी 8. उरले 54 तास 30 मिनिटे
पॉल रुग्णालयात पोचतात. मुलगा व्हेंटिलेटरवर आहे आणि यंत्राच्या वर स्वतःचा जोराचा श्वास घेतो आहे. रक्ताचे संतुलन बिघडू नये म्हणून कोमा अधिक गाढ करायचा आहे. पॉल परवानगी देतात.

संध्याकाळपर्यंत अमोनिया बराच खाली आलेला असतो. सगळे त्याच आकड्याकडे पाहत होते, आणि आकडा सुधारला. रात्री फुप्फुसे ताठरू लागतात.

गुरुवार, 16 सप्टेंबर
पहाटे जेसीचे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत सोडणारे यंत्र लावले जाते. मूत्रपिंडे थांबतात.

फ्लॉइड चक्रीवादळ किनाऱ्यावरून वर सरकते आहे. या आजाराचे तज्ज्ञ मार्क बॅटशॉ यांची आगगाडी बाल्टिमोरबाहेर अडकली आहे. ते मोबाइलवरून सल्ला देत राहतात.

शुक्रवार, 17 सप्टेंबर, सकाळ
रेपर आणि बॅटशॉ पॉल यांना सांगतात, मेंदूला भरून न येणारी इजा झाली आहे, आता यंत्रे थांबवावीत. नातेवाईक आणि धर्मगुरू खाटेभोवती जमतात.

दुपारी 2:30
यंत्रे बंद होतात. रेपर मृत्यू नोंदवतात.

शवविच्छेदनात दिसले, की विषाणू यकृतापुरता राहिला नव्हता. प्लीहा, लसिकाग्रंथी आणि अस्थिमज्जेपर्यंत तो पोचला होता. जेसीच्या प्रतिकारशक्तीने साऱ्या शरीरभर दाह उसळवला आणि एकामागून एक अवयव बसले. जानेवारी 2000 मध्ये औषध प्रशासनाने ही चाचणी घेणाऱ्या विद्यापीठाच्या संस्थेतल्या मानवी चाचण्या थांबवल्या. तपासणीत निघालेल्या त्रुटींत रविवारचा अमोनियाही होता.