मास्टर विठ्ठलचा आवाज

शनिवार, १४ मार्च १९३१. गिरगावात, मॅजेस्टिक सिनेमाच्या दारात तू माणसांच्या रेट्यात अडकला आहेस. रांग लावायची असते हे इथे कुणाच्या गावीही नाही. तिकीटखिडकीवर नुसती झुंबड उडालीय. गर्दी आवरायला पोलीस आलेत. पावलीचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना जातंय. ट्रामचे पैसे वाचवून, पायी फिरून जमवलेली सगळी पुंजी तू आज त्यावर उधळलीस.

भोवतालचे लोक ‘आलम आरा’ हे बोलणारं चित्र बघायला आलेत. तू आलायस मास्टर विठ्ठलसाठी. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांकडे पडद्यावर आलेला हा गडी शारदा कंपनीच्या मूकपटांत तलवार परजू लागला आणि हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स झाला. त्याच्या खेळांची हँडबिलं तू रस्त्यातून वेचलीस, मासिकांतले फोटो कापून ठेवलेस. शारदा सोडली म्हणून कंपनीने त्याला कोर्टात खेचलं आणि बॅरिस्टर जिनांनी त्याला सोडवलं, ती हकीकतही तुला तोंडपाठ आहे. हे सगळं खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. त्यात एकच गोष्ट नाही: त्याचा आवाज. तो तू आजवर ऐकलेलाच नाहीस.

दिवे मालवतात. आज पडद्यावरच्या पाट्या शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची गरज नाही. फकीर झालेला वझीर मोहम्मद खान गाऊ लागतो आणि सारं थिएटर थक्क होतं. झुबेदा बोलते, पृथ्वीराज बोलतो. ग्रँट रोडच्या रुळांलगतच्या स्टुडिओत, गाड्या थांबल्यावर रात्री-अपरात्री टिपलेले हे आवाज आहेत. विठ्ठल मात्र बराचसा गप्पच. हिंदुस्थानी भाषा त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून नायकाला बराच वेळ गुंगीतच ठेवलंय. तू खुर्चीच्या कडेवर येऊन त्याच्या ओठांकडे बघत राहतोस.

तुला राग येईल. येऊ दे, पण बाहेर पडायच्या आधी पुढचं ऐक. बोलपटांच्या लाटेत तुझा नायक मागे पडेल, छोट्या भूमिकांवर येईल आणि १९६९ साली जाईल, तेव्हा त्याला ओळखणारे थोडेच उरले असतील. ‘आलम आरा’ची फिल्म नायट्रेटची आहे, ती भडकन पेटते, नाहीतर डब्यातच कुजते. अशा कितीतरी फिल्म लोक चांदीसाठी वितळवून टाकतील. पुण्यात सरकारी फिल्म संग्रहालय निघेल १९६४ साली. तिथेही या चित्रपटाची प्रत पोचणार नाही, कारण ती कुठेच उरलेली नसेल. आज ऐकलेला शब्द पुन्हा कुणालाच ऐकता येणार नाही. मागे राहतील काही फोटो आणि कथासाराची एक पुस्तिका. ज्या कागदांना घरचे रद्दी म्हणतात, त्यांच्यावरूनच पुढचे लोक हा चित्रपट होता कसा, ते जुळवत बसतील.

तेव्हा रुसून बसू नकोस. पुस्तिका मिळाली तर दोन घे. एक चाळायला, एक ठेवायला. वहीत खळीने चिकटवू नकोस, कसर लागते. कोपऱ्यात आजची तारीख आणि थिएटरचं नाव लिही. विठ्ठल जे काही थोडं बोलला, कसं बोलला, तेही आज रात्रीच लिहून काढ. आणि दिवाळीच्या तोंडावर आई खाटेखालची ट्रंक आवरायला काढेल, त्या दिवशी कितीही मोठा खेळ लागलेला असू दे, तू घरीच थांब.