ट्राम आली, वेधशाळा अलिबागला गेली

मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या आणायचे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेपुढे पेच पडला. तिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. ट्रामचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह रुळांतून परतताना जमिनीत पाझरणार आणि नाजूक सुया हलवणार, हे उघड होते.

तेव्हाचे संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी ट्रामच्या प्रवाहाचा गोंगाट मोजणीतून गाळण्यापेक्षा त्यापासून लांब जाणे पसंत केले. अलिबागला चुंबकीय अंश नसलेला पोरबंदरी दगड, तांबे आणि पितळ वापरून नवी वेधशाळा उभी राहिली. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप झाले, म्हणून जुनी मालिका तुटली नाही. 1907 मध्ये विजेची ट्राम धावली.

चुंबकत्वाची ही मोजणी पुढे भलत्याच कामी आली: पृथ्वीचे चुंबकत्व हलवणाऱ्या सौर वादळांची ताकद जोखायला. ही वादळे वीजयंत्रणेलाही धोक्याची असतात. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याची चुंबकत्व पेलण्याची एक मर्यादा असते. सौर वादळात जमिनीतून आलेला, डीसीसारखा संथ प्रवाह त्यात शिरला की प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्यात गाभा भरून जातो. इंजिनिअर याला सॅच्युरेशन म्हणतात. ते पकडायचे प्रवाहाच्या आलेखावर: गोलसर लाटेला एकाच बाजूने टोकदार सुळका फुटतो, मूळ वारंवारितेच्या सम पटीतल्या, 100 हर्ट्झसारख्या लाटा (सम हार्मोनिक) उमटतात. विजेतला गोंगाट अडवणाऱ्या फिल्टरमध्ये गाभ्यावर गुंडाळलेले तारेचे वेटोळे, म्हणजे चोक, असते; त्याचेही तेच. गाभा भरला की त्याचा अडथळा कोसळतो आणि जो गोंगाट अडवायचा तोच पुढे निसटतो. 13 मार्च 1989 ला कॅनडातल्या क्वेबेकमध्ये अशा हार्मोनिकांनी संरक्षक यंत्रणा बंद पाडल्या आणि दीड मिनिटात प्रांत अंधारला. साठ लाख लोक नऊ तास विजेविना होते.

याहून मोठे वादळ येऊ शकते का? उत्तर कुलाब्याच्या वह्यांत आहे. सप्टेंबर 1859 च्या वादळात तिथल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून टिपलेली चुंबकीय क्षेत्रातली घट सुमारे 1600 नॅनोटेस्ला होती. 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या नोंदींवरूनच त्या वादळाची तीव्रता नव्याने मांडली.

सिंधुदुर्गातल्या आमच्या ओरोसला याचे काय? 2022 मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि इथल्या सिंधुदुर्ग स्थानकावरही 25 हजार व्होल्टची तार आली. कोकण क्वेबेकइतका ध्रुवाजवळ नाही, त्यामुळे धोका बराच कमी. पण तारेला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांचे गाभे लोखंडाचेच. अलिबागची मोजणी आजही चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे.