लोणारच्या गाळातली साक्ष

आपल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, आणि त्याच वेळी संगमनेरजवळच्या जोर्वे गावीही. पुढे शिरूर तालुक्यात इनामगाव खणलं गेलं. तिथे इ.स.पू. १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात, शेती ढासळते, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडतं. ढवळीकरांनी याचं कारण वाढत्या कोरड्या हवेत शोधलं.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे. कार्यकारणाचं उदाहरण म्हणून वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. दुष्काळ कशावरून? तर गाव ओस पडलं म्हणून. गाव ओस का पडलं? दुष्काळामुळे! न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात, आणि तो आम्हीच करत होतो, बरं का. गावाबाहेरचा साक्षीदार हवा होता.

असा साक्षीदार तळ्याच्या तळाशी सापडतो. पाण्यात डायाटम नावाची सूक्ष्म शैवलं असतात. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात, कारण त्यांचं सिलिकाचं कवच कुंकवाच्या करंड्यासारखं, खाली डबी आणि वर झाकण. गोड्या पाण्याचे डायाटम वेगळे, खाऱ्याचे वेगळे. म्हणून कवचावरून जुन्या पाण्याचा अंदाज करता येतो. पण पाणी फार अल्कधर्मी असलं की कवच विरघळतं. मागे उरतात त्यांच्या पेशीतले स्निग्ध पदार्थ. ते पाण्यात विरघळत नाहीत आणि प्राणवायू नसलेल्या गाळात हजारो वर्षं टिकतात.

मात्र हा साक्षीदार नीट तपासावा लागतो. ब्रासिकास्टेरॉल हे डायाटमचं चिन्ह समजतात, पण ते इतर शैवलांतही असतं, मोहरीच्या कुळातल्या तेलबियांतसुद्धा. नुसता धूर दिसला म्हणून कोणतं लाकूड जळतंय ते कळत नाही.

आपल्याकडे असा तपास लोणारला झाला. सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळात गेल्या १०,४०० वर्षांची नोंद मिळाली. तिथे मुख्य साक्ष डायाटमची नाही. पानांवरच्या मेणाची आणि टेट्राहायमेनॉल नावाच्या स्निग्ध पदार्थाची आहे. पाणी खारट होऊन त्याचे थर वेगळे पडले की हा पदार्थ वाढतो, असं मानतात. साडेसहा हजार वर्षांपूर्वीनंतर तो दिसू लागतो. ४,८०० ते ४,००० वर्षांपूर्वीचा काळ सगळ्यात कोरडा. पानांचं मेण सांगतं की तेव्हा झाडोरा हटून गवत आलं.

आता तारखा लावून बघा. ४,००० वर्षांपूर्वी म्हणजे इ.स.पू. २००० च्या आसपास. इनामगावची पहिली वस्ती त्यानंतर चारेकशे वर्षांनी! म्हणजे हवा आधी कोरडी झाली, गावं नंतर वसली, आणि शतकानुशतकं नांदली. मग शेवटी त्यांना हलवलं कशानं? नंतरही एखादा वाईट काळ आला असेल. शिवाय लोणार बुलढाण्यात, इनामगाव घोडनदीच्या पर्जन्यछायेत, दोन्हीकडचा पाऊस सारखा धरता येत नाही. ढवळीकर चुकले असं आम्ही म्हणत नाही. आम्ही वर्गात जे इतक्या ठामपणे सांगितलं, ते तेवढ्या पुराव्यावर सांगायला नको होतं.

त्याच गाळात १,३०० वर्षांपूर्वीच्या थरात नीलहरित शैवलांच्या खुणा एकदम वाढतात. काठावर गुरं पाळायला सुरुवात झाली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. तिथेही आमची तीच शंका: गुरांची वेगळी साक्ष कुठली? त्यावर कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.