बागुलांची कथा अन् टीकाकारांची फूटपट्टी

१९६३ साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. त्याच नावाच्या कथेत रेल्वेतला कामगार खोली मिळावी म्हणून जात लपवतो अन् उघडी पडल्यावर मार खातो. काहींनी संग्रह डोक्यावर घेतला. पांढरपेशे टीकाकार मात्र म्हणाले, भडक आहे, कलेचा तोल गेला. मार खाणाऱ्यानं काय तोल सांभाळून कण्हावं? पुढं १९६० च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेत 'अस्मितादर्श' चालवलं, तेव्हा कुठं आपली समीक्षा आपल्या हाती आली. गिरणीतून सुटीवर शेंदूरजनाघाटले आलो तेव्हा संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या मायले ही कथा वाचून दाखवली. ती म्हणे, "यात भडक काय हाय बाप्पा? आपून पानी मांगतलं का लोक पह्यले आडनावच इचारतात."